टॉय हॉलरचा पेट्रोल पंप: आधी भरभर, मग थेंब थेंब

वाळूगाडी

मंडळी, जाणकारांनी जरा लक्ष घाला. टॉय हॉलर आहे, म्हणजे मागे गॅरेज असलेला फिफ्थ व्हील ट्रेलर (पिकअप ट्रकच्या हौद्यात अडकवून ओढायचा). खाली ३० गॅलनची पेट्रोलची टाकी, बाजूच्या कप्प्यात १२ व्होल्टचा व्हेन पंप (पाटीवर मिनिटाला १५ गॅलन आणि १८ अँपिअर लिहिलंय), टायमरचा स्विच, चौदा फुटी होज, आपोआप बंद होणारं नोझल. जनरेटर त्याच टाकीवर चालतो. मुक्काम कॅलिफोर्नियात, इम्पीरियल सँड ड्यून्स, ग्लॅमिसच्या बाजूला.

लक्षणं अशी. मोसमातल्या पहिल्याच दिवशी स्विच दाबल्याबरोबर २५ अँपिअरचा फ्यूज उडाला. नवा घातल्यावर पंप फिरला. सकाळी पहिले चार-पाच गॅलन बरे येतात, मग धार बारीक होत जाते. दुपारी तर पंप नुसता घुमतो, नोझलमधून फेस आणि थेंब. तासभर थांबलं की परत थोडं येतं. जनरेटर मात्र व्यवस्थित चालतो. टाकीतलं पेट्रोल मार्चपासूनचं आहे, साधारण २२ गॅलन.

दुकानात नेला तेव्हा त्यांनी चालवून बघितला, 'चांगला चालतोय' म्हणाले, आणि तरी नवा पंप बसवा म्हणाले. बसवू का?

नटबोल्ट

नको. पंप ही बदलायची शेवटची वस्तू. 'थांबलं की परत येतं' हे तुमचं वाक्य महत्त्वाचं आहे. मेलेला पंप विश्रांती घेऊन जिवंत होत नाही. उष्णतेने बंद पडणारी मोटर होते, पण ती घुमत नाही, गप्प बसते. तुमचा घुमतोय.

सगळ्यात आधी यंत्रणेचे दोन तुकडे करा. पंपाच्या ओढीच्या बाजूची होज काढा आणि तिथे दोन-तीन फुटांची दुसरी पेट्रोलची होज लावून ती थेट पाच गॅलनच्या कॅनमध्ये सोडा. कॅन जमिनीवर. पंप त्या कॅनमधून दुसऱ्या कॅनमध्ये पेट्रोल टाकू दे आणि घड्याळ लावा. १५ गॅलनच्या पंपाला पाच गॅलनला २० सेकंद लागायला हवेत, होज आणि नोझल धरून २५ पर्यंत चालेल. कॅनवरून नीट चालला तर दोष टाकीच्या बाजूला: पिकअप नळी (टाकीत बुडालेली, पेट्रोल वर ओढणारी), अँटी-सायफन व्हॉल्व्ह (पेट्रोल आपोआप ओघळू न देणारा), व्हेंट (टाकीत हवा येण्याजाण्याची वाट), होज. कॅनवरूनही रखडला तर दोष पंपात, विजेत किंवा पुढच्या फिल्टर-नोझलमध्ये. एवढ्या एका चाचणीने अर्धं काम कमी होतं, आणि लोक नेमकी हीच करत नाहीत.

जनरेटर चालतो म्हणून टाकी निर्दोष, असं मात्र समजू नका. त्याची पिकअप नळी वेगळी आणि मुद्दाम आखूड असते, म्हणजे टाकी पूर्ण रिकामी करत नाही. शिवाय तो तासाला जेमतेम अर्धा ते एक गॅलन पितो. तुमचा पंप तेवढं चार सेकंदांत ओढतो. अर्धवट तुंबलेला व्हेंट जनरेटरला कळणारही नाही.

सेफ्टीकाका

चाचण्या सुरू व्हायच्या आधी बोलून घेतो, नंतर कोणी वाचत नाही.

पहिलं म्हणजे शब्द. इथे अर्धे लोक पेट्रोलला गॅस म्हणतात आणि ट्रेलरात प्रोपेनचा खरा गॅसही असतो. 'गॅस बंद कर' म्हटल्यावर कोणता, हा गोंधळ उगाच नको. या धाग्यात गॅस म्हणजे प्रोपेन.

तो सिलिंडरवरच बंद करा. फ्रिज आणि वॉटर हीटर प्रोपेनवर असतील तर त्यांचा बर्नर आपोआप पेटतो, तुम्ही बाहेर होज काढत असाल तेव्हाच. जनरेटर बंद. गॅरेजचा दरवाजा उघडा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत साठते. प्रोपेनचा अलार्मही जमिनीलगतच असतो आणि पेट्रोलच्या वाफेवरही वाजतो. वाजला तर 'खराब आहे' म्हणून वायर काढू नका.

कॅन नेहमी जमिनीवर ठेवून भरायचा. पिकअप ट्रकच्या प्लास्टिक लायनरवर ठेवून कधीही नाही, साठलेल्या विजेला जमिनीत जायला वाट मिळत नाही. नोझल कॅनच्या तोंडाला टेकलेलं असू दे. जवळ बी वर्गाची आग विझवणारी बाटली.

आणि बॅटरीवरून थेट वायर लावून पंप तपासणार असाल तर मध्ये फ्यूज आणि स्विच हवाच. आधी पंपाकडची दोन्ही टोकं पक्की करा, मग स्विच दाबा, आणि स्विच पंपापासून लांब ठेवा. मगरमच्छ क्लिप पंपाच्या टर्मिनलवर टेकवून ठिणगी बघणारे महाभाग आहेत.

मीटरवाली

नटबोल्ट यांची कॅनची चाचणी बरोबरच आहे, पण ती करताना पंपाला वीज पुरेशी मिळत नसेल तर निकाल फसवा येईल. म्हणून वीज आधी.

दुकानात 'चांगला चालतोय' का म्हणाले त्याचा अंदाज: तिथे ट्रेलर शोर पॉवरवर, म्हणजे बाहेरून केबलने घेतलेल्या १२० व्होल्टवर असतो. कन्व्हर्टर १३.६ व्होल्ट देतो. वाळवंटात तुम्ही नुसत्या बॅटरीवर, म्हणजे १२.५ किंवा कमी. वायरिंगमध्ये दोन व्होल्ट गळत असतील तर दुकानात पंपाला ११.६ मिळतात आणि तुमच्याकडे १०.५. तोच पंप, तीच वायर.

पंप बंद असताना मीटर लावून '१२.५ येतंय' म्हणू नका. वायरीची एकच तार शाबूत असली तरी बिनभाराचा मीटर पूर्ण आकडा दाखवतो. पंप चालू हवा, नोझल उघडं हवं, पेट्रोल वाहत हवं. मीटरच्या क्लिपा आधी लावून ठेवा, मग स्विच. चार आकडे घ्या:

बॅटरीच्या दोन टोकांवर किती.
पंपाच्या दोन टोकांवर किती.
बॅटरीचा प्लस ते पंपाचा प्लस किती (ही प्लस बाजूची गळती).
बॅटरीचा मायनस ते पंपाचा मायनस किती (ही मायनस बाजूची गळती).

शेवटच्या दोनसाठी लांब वायर लागेल, पातळ चालेल, तिच्यातून करंट जात नाही. पहिला आकडा म्हणजे बाकी तिघांची बेरीज. बेरीज जुळली नाही तर कुठलीतरी क्लिप नीट बसलेली नाही.

वायरीची जाडीही बघा. १० गेजच्या तांब्याच्या वायरीला १००० फुटांना साधारण १ ओहम. बॅटरीपासून पंप २५ फूट लांब धरला तर जाऊन-येऊन ५० फूट, म्हणजे ०.०५ ओहम. १८ अँपिअरला ०.९ व्होल्ट गेले. हे सहन होतं. तिथे १४ गेज (आकडा मोठा तशी वायर बारीक) घातली असेल तर सव्वादोन व्होल्ट गेले, आणि अजून फ्यूज होल्डर, स्विच, टायमर, लग (वायरीच्या टोकाची कडी) हे सगळे वाटेकरी बाकीच आहेत.

रंगांवर विश्वास नको. ट्रेलरात पांढरी वायर १२ व्होल्टची मायनसही असते आणि १२० व्होल्टची न्यूट्रलही. काळी तर दोन्हीकडे 'गरम' म्हणून सापडते. शोर पॉवरची केबल काढून ठेवा आणि मगच पॅनेल उघडा.

चक्रधर

फ्यूजचं कोडं तर इथेच सुटलं की. व्होल्टेज कमी पडलं की करंट वाढतो, म्हणून २५ चा उडाला. ३० चा घाला, प्रश्न मिटला.

मीटरवाली

दोन्ही चूक, चक्रधर.

व्होल्टेज कमी तर करंट जास्त, हे ठरावीक वॉट खेचणाऱ्या वस्तूला लागू होतं, इन्व्हर्टरसारख्या. चुंबकाच्या साध्या डीसी मोटरचा करंट तिच्यावरच्या ओझ्यानुसार ठरतो. व्होल्टेज कमी झालं की ती हळू फिरते, इतकंच. फ्यूज उडतो तो मोटर अडकल्यावर. फिरत नाही म्हणजे विजेचा उलटा दाब तयार होत नाही, आणि करंटला थांबवायला उरतो फक्त वायरींचा आणि वाइंडिंगचा रोध. मोसमातला पहिला दिवस, सात महिने उभा पंप, पहिल्याच क्षणी फ्यूज: रोटर चिकटला होता. पुढे पेट्रोलने तो मोकळा झाला.

आणि फ्यूज वायरीला वाचवतो, पंपाला नाही. तिथली वायर १२ गेजची असेल आणि तुम्ही ३० चा घातला, तर पुढच्या वेळी फ्यूज शाबूत राहील आणि वायर पेट्रोलच्या कप्प्यात तापेल.

चक्रधर

मान्य. ३० चं मागे घेतो.

नटबोल्ट

मीटरवाली म्हणतात तसं चिकटलंच असणार. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल महिनोन्‌महिने पंपात राहिलं की हलका भाग उडून जातो आणि मागे लाखेसारखा थर उरतो. व्हेन पंपात रोटरच्या खाचांमध्ये पात्या सरकत असतात. रोटर फिरला की त्या बाहेर फेकल्या जाऊन भिंतीला टेकतात आणि पेट्रोल ढकलतात. खाचेत लाख बसली की पाती आतच राहते. मग मोटर फिरते, आवाज येतो, ओढ मात्र नाही.

उघडायला सोपं आहे. वीज काढा, खाली ट्रे ठेवा, पुढच्या झाकणाचे स्क्रू काढा. झाकणामागे ओ-रिंग, मग रोटर आणि पात्या. काढायच्या आधी फोटो घ्या, कारण पातीची एक कड गोलसर असते आणि ती बाहेरच्या बाजूला येते. उलटी बसवलीत तर पंप कुरकुरेल आणि महिन्याभरात भिंत खाईल. पात्या मिनरल स्पिरिटमध्ये बुडवून मऊ ब्रशने धुवा. खाचा लाकडी काडीने. सँडपेपर लावायचा नाही, पातीची जाडी कमी झाली की ती तिरकी अडकते. कड तुटलेली एकही असेल तर सगळा संच नवा, संच पंपापेक्षा फार स्वस्त असतो.

तिथेच बायपास व्हॉल्व्हही असतो, छोटी स्प्रिंग आणि टोपी. नोझल बंद असताना पंप चालू राहिला तर पेट्रोल याच वाटेने आतल्या आत फिरतं. टोपीखाली कचऱ्याचा एक कण अडकला तर ही वाट कायम उघडी राहते, आणि लक्षण अगदी चिकटलेल्या पात्यांसारखं: आवाज आहे, धार नाही. झाकण उघडलंच आहे तर हीसुद्धा बघा. आणि नोझल बंद ठेवून पंप दहा-दहा मिनिटं चालू ठेवायची सवय असेल तर सोडा, तेच पेट्रोल फिरून फिरून तापतं.

परत बसवल्यावर पहिल्यांदा चालवताना नोझल दाबून उघडं धरा. ओढीच्या होजमध्ये हवा भरलेली असते, तिला बाहेर जायला वाट हवी. बंद नोझलवर पंप हवेला दाबू शकत नाही, आणि लोक म्हणतात 'साफ केला तरी ओढत नाही'.

वाळूगाडी

पंप उघडला. आठपैकी दोन पात्या खाचेत घट्ट होत्या, धुऊन मोकळ्या झाल्या. बायपास स्वच्छ. आकडे, नुसत्या बॅटरीवर, पेट्रोल वाहत असताना:

बॅटरी १२.४
पंप ९.८
प्लस बाजू ०.४
मायनस बाजू २.२

मीटरवाली

९.८ आणि ०.४ आणि २.२, बेरीज १२.४. चोख मोजलंत.

प्लस बाजू ठीक आहे, हात लावू नका. सगळं पाणी मायनसमध्ये मुरतंय. पंपाची मायनस वायर जवळच चासीला एका सेल्फ-टॅपिंग स्क्रूने ठोकलेली असेल. स्क्रू गंजतो, रंगाच्या थरावर बसलेला असतो, ट्रेलर हलून सैल होतो. स्क्रू काढून जागा चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा. आरपार भोक, त्यात ५/१६ इंचाचा बोल्ट, स्टार वॉशर, दाबून क्रिम्प केलेली नवी रिंग लग, वरून नट आणि मग रंग किंवा ग्रीस. ग्रीस आधी नाही, नंतर. आणि बॅटरीचा मायनस चासीला जिथे जोडलाय तो बोल्टही याच हाताने साफ करा, करंट तिथूनच परत जातो. घासकाम आणि भोक पाडताना होज बंद, कॅन लांब, वाफ नाही याची खात्री. ड्रिलच्या मोटरलाही ठिणगी असते.

वाळूगाडी

झालं. चासीला रंगावरच स्क्रू होता, खाली लालभडक गंज. आता मायनस बाजू ०.१, पंपावर ११.९.

कॅनची चाचणी: कॅनमधून कॅनमध्ये पाच गॅलन २२ सेकंदांत, तीन वेळा तेच. म्हणजे पंप आणि वीज सुटली. पण टाकीवर जोडल्यावर पहिले पाच गॅलन २४ सेकंद, दुसरे पाच ५० सेकंद, आणि नंतर फेस. डोकं फिरायची वेळ आलीय.

नटबोल्ट

फिरवू नका, उलट फार छान निकाल आहे. पहिले पाच नीट आले, म्हणजे पिकअप नळी आणि अँटी-सायफन मोकळे आहेत. तुंबलेली नळी पहिल्या गॅलनपासून तुंबलेली असते. जे वेळेबरोबर वाढत जातं आणि थांबलं की उतरतं, ते म्हणजे टाकीतली पोकळी.

दोन मिनिटांची चाचणी: धार बारीक झाली की पंप चालू असतानाच टाकीचं भरायचं झाकण हळूच सैल करा. फुस्स आवाज आला आणि धार परत आली, तर व्हेंट.

पक्कं करायचं असेल तर ओढीच्या होजमध्ये टी (तीन तोंडांचा जोड) बसवून व्हॅक्यूम गेज (ओढ मोजणारा काटा) लावा, साधा गाडीवाला चालतो. गेज आणि धार एकत्र वाचायची. व्हॅक्यूम जास्त आणि धार कमी: पंपाआधी कुठेतरी अडलंय. व्हॅक्यूम कमी आणि धारही कमी: होज हवा ओढतेय, नाहीतर पंप झिजलाय. तुमचा पंप टाकीपेक्षा साधारण तीन फूट उंच असेल, पेट्रोल पाण्याच्या पाऊणपट जड, तेव्हा नुसती चढणच २ इंच पारा (गेजवरचं माप) खाते. होजचं घर्षण धरून ३ च्या आसपास दिसलं तर निरोगी.

वाळूगाडी

सुरुवातीला ३. पाच गॅलननंतर ६. आठ गॅलनला ९ आणि फेस. झाकण सैल केलं, फुस्स, काटा ३ वर आला आणि धार धो धो!

चक्रधर

आता लिहायला हरकत नाही: दुपारचा फेस म्हणजे व्हेपर लॉक, होजमध्येच पेट्रोलची वाफ होऊन धार अडणं. मार्चमधलं पेट्रोल हिवाळी मिश्रणाचं असतं. उन्हाळ्यात वाफेच्या दाबावर अमेरिकेत साधारण ९ पीएसआयची (चौरस इंचाला पौंड) केंद्रीय मर्यादा असते, कॅलिफोर्नियात त्याहून कमी. हिवाळी पेट्रोल थंडीत चटकन पेटावं म्हणून त्याच्या बरंच वर जातं. ९ इंच पारा म्हणजे ४.४ पीएसआयची पोकळी. हवेचा दाब १४.७, वजा ४.४, होजमध्ये उरले १०.३. वाळवंटात १०० फॅरनहाइटला पेट्रोल होजमध्येच उकळायला लागणार.

नटबोल्ट

हिशोब बरोबर, पण एक पान उलटायचं राहिलं. सात महिने उभ्या टाकीतून तो हलका, चटकन उडणारा भागच आधी निघून गेलेला असतो. त्यामुळे त्याचा वाफेचा दाब मार्चएवढा राहिलेला नाही. फेसात काही वाफ असेल, काही हवा असेल. व्हेंट मोकळा झाल्यावरही दुपारी फेस राहिला तर ओढीच्या जोडांमध्ये हवा शोधा. नाही राहिला तर वाद इथेच संपला.

यूटाच्या मोआबकडे ट्रेलर नेणाऱ्यांसाठी तुमचा हिशोब जास्त उपयोगी आहे. तिथे ४००० फुटांवर हवेचा दाबच मुळात १२.७ च्या आसपास, म्हणजे खेळायला दोन पीएसआय आधीच कमी.

वाळूगाडी

व्हेंट नेमका कुठे शोधू? खालून सगळं काळ्या प्लास्टिकच्या पत्र्याने झाकलंय.

नटबोल्ट

भरायच्या नळीजवळून सुरुवात करा. जाड होज भरायची, तिच्या शेजारची बारीक एक व्हेंटची असते, भरताना हवा बाहेर यायला. टाकीच्या माथ्यावर आणखी एक छोटा रोलओव्हर व्हॉल्व्ह असतो, ट्रेलर उलटला तर पेट्रोल सांडू नये म्हणून. त्याच्यापासून निघालेली होज कुठेतरी चासीला बांधून मोकळी सोडलेली असते. त्या मोकळ्या टोकात डोकवा. बहुतेक वेळा कुंभारीण निघते. आपल्याकडे खिडकीच्या कोपऱ्यात मातीचं घर बांधते त्या माशीचीच भाऊबंद, इथेही बोटाएवढं भोक दिसलं की बंद करून टाकते.

आणि कोळीही. माझदाने २०११ मध्ये आणि परत २०१४ मध्ये माझदा ६ गाड्या परत बोलावल्या होत्या, कारण पिवळा कोळी टाकीच्या व्हेंटमध्ये जाळं विणायचा आणि टाकीत पोकळी तयार व्हायची. त्या कोळ्याला पेट्रोलच्या वासाचं आकर्षण. एवढ्या मोठ्या कंपनीला कोळ्याने नमवलं, तर तुमच्या ट्रेलरची काय कथा.

टोकातली माती तारेने आत ढकलू नका, व्हॉल्व्हमध्ये जाईल. होज काढून टोकाच्या बाजूने बाहेर ओढा. हवेचा पंप लावायचाच तर होज टाकीपासून सोडवल्यावर. टाकीत कॉम्प्रेसरची हवा कदापि नको. रोलओव्हर व्हॉल्व्ह हातात घेऊन सरळ धरला की फुंकर आरपार जायला हवी, उलटा केला की बंद व्हायला हवी. दोन्हीपैकी एक जरी होत नसेल तर नवा. मोकळ्या टोकावर बारीक पितळी जाळी क्लॅम्पने लावा. कापड किंवा फोम नको, ओलं झालं की तेच बूच.

टाकी खाली घ्यायची वेळ आलीच तर आधी रिकामी करा. पेट्रोल गॅलनला सहा पौंड, ३० गॅलनचे १८० झाले. पण रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोक्याची, हे लक्षात असू द्या. हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तर पेटते. भरलेल्या टाकीच्या वर ती याहून दाट असते. रिकामी केलेल्या टाकीत बरोब्बर या पट्ट्यात यायची शक्यता जास्त.

मुळामुठा

पुण्याहून वाचतोय. आमच्या ऑफरोड ग्रुपच्या ट्रेलरवर अशीच टाकी आणि पंप बसवायचा विचार चाललाय. इथे १२ व्होल्टचे डिझेल पंप खूप स्वस्त मिळतात. ते पेट्रोलला चालतील ना?

सेफ्टीकाका

अजिबात नाही. डिझेलच्या स्वस्त पंपात मोटरच्या ब्रशची ठिणगी कोंडून ठेवायची व्यवस्था नसते. डिझेल साध्या तापमानाला पेटण्याइतकी वाफ सोडत नाही म्हणून तिथे निभावतं, पेट्रोलला नाही. पाटीवर पेट्रोल आणि स्फोटरोधक असं स्पष्ट लिहिलेलाच पंप हवा.

दुसरं, भारतात पेट्रोलियम कायद्याप्रमाणे पेट्रोलसारखं 'ए' वर्गाचं इंधन विनापरवाना जास्तीत जास्त ३० लिटर बाळगता येतं. ३० गॅलन म्हणजे साधारण ११४ लिटर. विचार तिथेच आवरा, मान्यताप्राप्त जेरी कॅन आणि फनेल बरे.

मुळामुठा

कॅन आणि फनेल. समजलं.

वाळूगाडी

निघाली कुंभारीण! रोलओव्हर व्हॉल्व्हची होज मोकळ्या टोकापासून दीड इंच मातीने गच्च. व्हॉल्व्ह काढून तपासला, सरळ-उलट दोन्ही ठीक. जाळी लावली. आता गेज शेवटपर्यंत ३ वर, पाच-पाच गॅलन २३ सेकंद, भर दुपारीही फेस नाही.

दोन प्रश्न उरलेत. पंपाकडची ओढीची होज वाकवली की बारीक भेगा दिसतात, कोणती आणू? आणि क्वाड (वाळूत चालवायची चारचाकी बाइक) भरताना नोझल सारखं टकटक करून बंद होतं, टाकी भरलेली नसतानाही.

नटबोल्ट

होजवरचा छापील शिक्का वाचा. साधी पेट्रोलची होज एसएई ३०आर७. इथेनॉलला त्याहून बरी ३०आर९, आणि वास कमी झिरपू द्यायचा तर ३०आर१४. टाकीच्या आत बुडणारा तुकडा असेल तर तिथे फक्त ३०आर१०. बाकीच्या होज आतून पेट्रोल सोसतात पण बाहेरून भिजल्या की फुगून फाटतात, आणि टाकीतल्या नळीला वरच्या अंगाला भेग पडली की अर्धी टाकी शिल्लक असताना पंप हवा ओढायला लागतो. क्लॅम्प दुमडलेल्या कडेचे घ्या. खाचा पाडलेली पट्टी मऊ होज कापते.

नोझल बिघडलेलं नाही बहुतेक. चोचीच्या टोकाला खाली एक बारीक भोक असतं, ते पेट्रोलने झाकलं गेलं की आतली पोकळी वाढून खटका सुटतो. तिथे वाळूचा एक दाणा बसला तरी नोझलला वाटतं टाकी भरली. पिनेने साफ करा. क्वाडची टाकी उथळ, त्यामुळे पूर्ण वेगाने भरलं की पेट्रोल उसळून भोकाला लागतं. खटका अर्धाच दाबा आणि चोच थोडी बाहेर ओढून धरा. उलट धार फारच मंद असेल तर खटका सुटतच नाही, म्हणून आधीच्या अवस्थेत तो आपोआप बंद होईल या भरवशावर राहिला नाहीत ते बरं झालं.

अँटी-सायफन काढून टाका असा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका. होज टाकीच्या खाली लोंबली आणि नोझल गळकं असलं तर तोच एक टाकी रिकामी होण्यापासून वाचवतो.

वाळूगाडी

भोकात वाळूच होती. आता उरलेलं जुनं पेट्रोल, साधारण १५-१६ गॅलन. क्वाडमध्ये जाळून टाकू?

मीटरवाली

नको, कार्ब्युरेटरमध्ये लाख जाईल आणि पुढचा धागा क्वाडचा निघेल. काचेच्या बरणीत थोडं काढून बघा: खाली वेगळा थर दिसला किंवा व्हार्निशचा वास आला तर फेकायचंच. दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये अर्धा टक्का पाणी शिरलं तरी इथेनॉल पाण्याला घेऊन तळाशी बसतो, आणि पिकअप नळीही तळाशीच.

कॅलिफोर्नियात काउंटीच्या घरगुती घातक कचरा केंद्रावर घेतात, एका फेरीत १५ गॅलनपर्यंत. तुमच्या दोन फेऱ्या. नवं भरताना स्टेबिलायझर त्याच दिवशी घाला, मोसम संपल्यावर नाही. स्टा-बिलच्या लाल बाटलीचं प्रमाण अडीच गॅलनला एक औंस, म्हणजे पूर्ण टाकीला १२ औंस. आणि घातल्यावर पंप एक मिनिटभर चालवून कॅनमध्ये काढा, म्हणजे औषध पात्यांपर्यंत पोचेल.